रामवाडीचा अळणी डॉक्टर

अख्ख्या पेण तालुक्यात माझ्या बायकोवर माझ्यापेक्षा जास्त हुकूम चालवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे रामवाडीचा डॉक्टर. आणि तो तिला नाही, मला तपासायचा. आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं साधंसुधं काही केलं असेल, तर त्याच्या बाकड्यावर बसून माझं प्रेशर मोजायची वाट पाहिली. रोह्याला लेकीकडे जातानाही जे निळं लुगडं कधी पेटीबाहेर काढलं नाही, ते नेसून आली होती. मी म्हटलं, "दवाखान्यात चाललीस का लग्नाला गो?" तर म्हणते, "तुमच्यासाठी नाय नेसले, डाक्टरकडं जायचंय." त्यानंतर लगेच तिला कावीळ झाली, आणि ती गेली.

डॉक्टर म्हणजे मिठागरात एका पायावर उभा असतो तो बगळा, फक्त गळ्यात नळी. माणूस आत आला की आधी शिंप्याची टेप काढून त्याचं पोट मोजणार, मग न विचारता त्याच्या खिशात हात घालणार. तंबाखूची पुडी लागली की सरळ कचऱ्याच्या डब्यात. चालण्याचं तर त्याला वेडच. एकदा त्यानं मला दारात रिक्षा थांबवताना पाहिलं. तसाच बाहेर आला आणि आम्हाला स्टँडपर्यंत चालत सोडायला निघाला. मागे पेशंट खोळंबले होते, त्यांना म्हणाला, "तुम्ही पण चला." हायवेच्या कडेनं आमची ही वरात. लोकांना वाटलं, कसला तरी मोर्चा निघालाय.

बरं, मला काही होत होतं म्हणावं तर तेही नाही. छातीत दुखत नव्हतं, धाप लागत नव्हती. प्रेशर तेवढं चढलेलं, आणि रक्तात चरबी आहे म्हणाला. मी विचारलं, "मग गोळ्या कसल्या?" म्हणाला, "दुखू नये म्हणून." न झालेल्या दुखण्याचं औषध देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मिठागराच्या चरात गाळ बसतो तसा छातीच्या नळ्यांना आतून थर बसतो, पाणी अडायच्या आधीच चर राखायचा, असं त्यानं समजावलं. मला नाही, तिला! जन्मभर चर उपसले मी, आणि चराची गोष्ट ऐकायला ती. मान अशी डोलवत होती की माझ्या कुठल्या बोलण्यावर कधी डोलवली नाही.

आणि मग म्हणाला, मीठ कमी करा. माझा आजा मिठागरात, बाप मिठागरात, माझ्या टाचांच्या भेगांत अजून मीठ असेल, त्या घरात हा अळणी आमटी चालू करतो! लोणचं बंद, पापड बंद, सुके बोंबील बंद. आमटीत कोकम कमी टाक म्हणून मी लग्नापासून सांगत होतो, तिनं ऐकलं नाही. त्याचं एका शब्दात ऐकलं. मग मीही खडे मिठाची पुडी ठेवायला लागलो. खिशात नाही, खिसे तो चाचपायचा. कनवटीला. जेवताना ती पाणी आणायला उठली की मी पाठ फिरवून एक चिमूट जिभेवर ठेवायचो.

ती गेल्यावर मी रोह्याला लेकीकडे राहिलो, खारं खाल्लं, गोळ्या सोडल्या. घरी परतलो तर लेकीनं डॉक्टरला फोन केलेला. बगळा रामवाडीहून चालत दारात. प्रेशर मोजलं आणि तोंड पाडून बसला.

"गोळ्या?"

"नाय खात. जिच्या धाकानं खात होतो ती गेली. आता छाती राखायची कोणासाठी?"

त्यानं माझ्या दंडाचा पट्टा सोडून गुंडाळला. मग म्हणाला, "काका, कनवटीला पुडी आहे ना अजून?"

मी दचकलो. "तुमाला कोणी सांगितलं?"

"काकींनी. केव्हाच. मी म्हटलं, काढून घ्या. तर म्हणाल्या, 'नको वो, खाऊ दे चोरून. मी आमटीभातात मीठ घालतच नाय. त्यांची चिमूट धरून तुमी सांगितलंय तेवढंच होतं.'"

अंगाची नुसती आग झाली. माझ्या बायकोचं गुपित, आणि ते या बगळ्याकडे! "मला का नाय बोलली?"

"बोलल्या असत्या तर तुम्हाला चव लागली असती का?"

माझ्याकडं आता तिचं नवीन काही येणार नाही. जे बोलली ते बोलून झालं. आणि याच्याकडं अजून किती असेल, कोण जाणे. उठताना त्यानं गोळ्यांची पाकिटं फडताळात ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात दवाखान्यात या. चालत. अजून एक सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज केली, मीठ न घालता. गोळी घेतली. मग कनवटीची पुडी काढून उघडली, आणि घरात बघायला कोणी नव्हतं तरी पाठ फिरवून एक चिमूट जिभेवर ठेवली.