चार भोकांचा घेवडा

संध्याकाळी सासरे फळीपाशी गेले की शिंपी मान खाली घालायचा.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य धान्याच्या गोदामात गेलं होतं. डोळे आता जवळजवळ गेलेच होते. दिव्याचा उजेड आणि माणसाची सावली, एवढंच काय ते दिसायचं. कान मात्र शाबूत. रोज अंधारून आलं की भिंतीला हात लावत ते स्वयंपाकघरात यायचे, फळीवरचे डबे एकेक करून कानाशी हलवायचे आणि गोदामात पुकारावं तसं पुकारायचे, "तांदूळ निम्म्यावर. मसूर गळ्याशी. घेवडा भरपूर. वा जावईबापू, घर भरलेलं आहे!"

"तुमचीच कृपा," शिंपी म्हणायचा आणि कांद्यात नजर घालून कांदा चिरत राहायचा.

घर भरलेलं नव्हतं. गणवेश शिवून घेणाऱ्या शाळेनं यंदा तयार कपडे आणले आणि शिंप्याचं मशीन गप्प झालं. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीला होती. तिचा पगार खोलीचं भाडं आणि दूध यांतच जिरायचा. स्वयंपाक शिंप्याकडे आला, आणि तो त्यानं मनावर घेतला. कापड पुरवून पुरवून बेतायची सवय त्याला इथे उपयोगी पडली. मसूर एकदाच शिजवायचा. पहिल्या दिवशी घट्ट, भातावर. दुसऱ्या दिवशी त्यातच पाणी वाढवून, शिळा पाव तव्यावर कडक करून वर कुस्करायचा. तिसऱ्या दिवशी उरलंसुरलं भाजलेल्या पिठात मळून त्याच्या टिक्क्या. कांदा मात्र मंद आचेवर लाल होईपर्यंत परतायचा, त्यात घाई नाही. कांदा चांगला परतला की बाकीची गरिबी झाकली जाते, हे त्याला अनुभवानं कळलं होतं. मुलगी ठकी रोज ताटाला नाव ठेवायची, म्हणजे खरोखरच नाव द्यायची. पातळ दिवसाचं नाव होतं 'राजाला ताप आलाय'.

बायकोला डब्यांची स्थिती ठाऊक होती. सासऱ्यांना ती कळू द्यायची नव्हती. या घरात आले त्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, "ज्या दिवशी माझ्यामुळे कोणाच्या ताटात कमी पडेल, त्या दिवशी मी धाकट्याकडे परत जाईन. आग्रह करायचा नाही." बायकोच्या धाकट्या भावाची ती गॅरेजमागची ओलसर खोली शिंप्यानं पाहिली होती. तिथून म्हाताऱ्याला आणलं तेव्हा त्यांची छाती भात्यासारखी घरघरत होती. बायको तेव्हा एवढंच म्हणाली होती, "पुन्हा तिथं गेले तर परत यायचे नाहीत." पुन्हा तो विषय तिनं काढला नव्हता.

म्हणून शिंप्यानं बटणं घातली.

हे काही चटकन जमलं नव्हतं. मसुराच्या डब्यात शर्टाची बारीक बटणं घातली तर आवाज किणकिण यायला लागला. मग त्यांत उरलेले मसूर मिसळले, वर थोडी चिंधी. घेवड्याच्या डब्यात दाणा राहिलाच नव्हता. तिथे कोटाची जुनी बटणं लागली, लाकडी आणि शिंगाची. सासरे झोपले असताना तो दाराआड डबा हलवून हलवून ऐकत बसला होता, एखाद्या चोरासारखा. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी "घेवडा भरपूर" म्हटलं तेव्हा त्याला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

मग एका दुपारी पडद्यांच्या दुकानातून बोलावणं आलं. तो मोठ्या आशेनं गेला. मालक येईपर्यंत बाकावर बसून राहिला. मालक आला, त्यानं कामाचा नमुना पाहिला आणि "कळवतो" म्हणाला. शिंपी परत आला तर ठकी जिन्यातच उभी.

"बाबा, आजोबा स्वयंपाक करतायत. म्हणाले, रोज आयतं खातो, आज मीच करतो."

"कोणता डबा काढला?"

"मी खाली खेळत होते. वर गेले तर पातेलं चढवलेलंच."

"अगं, पण कोणता?"

"कोटवाला," ठकी हळूच म्हणाली. म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

शिंपी दोन-दोन पायऱ्या ओलांडत धावला. तो वर पोचला तेव्हा पातेल्यातून खडखड आवाज येत होता आणि सासरे घामाघूम होऊन शेगडीजवळ उभे होते.

"या जावईबापू! कुठून आणलात हा घेवडा? तास होत आला, दाणा मऊ व्हायला तयार नाही. फसवलं तुम्हाला. जुना माल आहे."

"बाबा, राहू द्या. मी बघतो." त्यानं गॅस बंद केला.

"थांबा हो." सासऱ्यांनी पळीत एक दाणा घेतला, फुंकर मारून चिमटीत धरला. अंगठा त्याच्यावर फिरला. थांबला. पुन्हा फिरला. "किडक्या दाण्याला एक भोक असतं, जावईबापू. याला चार आहेत. अगदी ओळीनं."

शिंप्यानं पळी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"मसुरातही?"

"मसुरात शर्टाची."

"डोळे गेले तेव्हा मी म्हटलं, असू दे, कान आहेत," सासरे म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "रोज मी मोठ्यानं पुकारत होतो. पोरीपुढे. नातीपुढे. आणि तुम्ही ऐकून घेत होता."

ते भिंत चाचपत आत गेले. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यातून सदऱ्याची बाही लोंबत होती.

शिंपी दारात आडवा झाला. "बाबा, तिला मी काय सांगू?"

"खरं सांगा. सवय मोडली असेल, तर आता लावून घ्या."

"तुम्ही जाल म्हणूनच खोटं बोललो. तुम्ही आता जाताय, म्हणजे ते बरोबरच होतं की!"

सासरे जागीच थांबले. खालच्या मजल्यावर कोणाचं तरी दार आपटलं आणि शिंप्याला वाटलं, बायकोच आली.

"घरात खरोखर काय आहे?" शेवटी त्यांनी विचारलं. "गोदामात पुकारतात तसं सांगा. लपवायचं नाही."

"तांदूळ, तुम्ही ऐकलेत तेवढे. पीठ, दोन वेळचं. कांदे. तेल तळाला. मसूर... बटणांत मिसळलेले."

"आणा तो डबा."

ते पिशवी मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. ठकीनं परात पुढे सारली. म्हाताऱ्याची बोटं परातीत भराभर फिरू लागली, मसूर इकडे, बटण तिकडे. शिंप्याची नजर पिशवीवरून हलत नव्हती. निवडून झाले तेव्हा मसूर ओंजळभर भरले.

"याचं आज काय होईल?"

"राजाला ताप येईल," ठकी म्हणाली.

बायको आली तेव्हा कांदा लाल होत होता. तिनं परातीतली बटणं पाहिली, वडिलांच्या मांडीवरची पिशवी पाहिली, आणि चपला न काढता तशीच उभी राहिली. "बाबा, ही कशाला काढली?"

शिंप्याच्या हातातला झारा थांबला.

"निघालो होतो," सासरे म्हणाले. त्यांनी सदरा आणि धोतर पिशवीतून काढून मांडीवर ठेवलं आणि रिकामी पिशवी तिच्यापुढे धरली. "आता उद्या बाजारात न्यायची. संध्याकाळी उरलेला भाजीपाला स्वस्तात देतात. जावयाबरोबर मी जाईन. भाव मी करीन. यांचा चेहरा पडलेला असणार. मला नाही दिसत, पण भाजीवाल्याला दिसतो."

चपला काढून तिनं ताटं घेतली.

जेवताना शिंप्याचं लक्ष एकसारखं सासऱ्यांच्या मांडीवरच्या त्या कपड्यांकडे जात होतं. ते अजून कपाटात गेले नव्हते. जेवण झाल्यावर सासरे कपडे बाजूला ठेवून उठले, फळीपाशी गेले आणि डबे हलवू लागले.

"तांदूळ निम्म्याच्या खाली," त्यांनी पुकारलं. मग पुढचा डबा कानाशी धरला. "मसूर नाही." मग त्याच्या पुढचा. "घेवडा नाही."

डबे त्यांनी जागच्या जागी ठेवले आणि सदरा उचलून ठकीच्या हातात दिला. "जा, खुंटीला अडकव. चुरगळलाय बघ."