परक्या हातची पोळी

आक्का कुणाच्याही घरचं पाणी प्यायच्या. चहा मात्र त्याच किटलीतला दुसऱ्या कुणीतरी आधी प्यायल्यावरच घ्यायच्या, आणि जेवायच्या तर अजिबात नाहीत. लग्नात अक्षता टाकून पंगत बसायच्या आत निघायच्या. देवळातला शिरा पदराच्या टोकात बांधून आणायच्या आणि गल्लीतल्या गाईपुढे ठेवायच्या. गाय शांतपणे खाऊन गेली की म्हणायच्या, "हिला पचतंय. हिच्या वाईटावर कोण असणार?"

आक्कांना जाऊन आता काही वर्षं झाली. त्या माझ्या नात्यातल्या कुणी नव्हत्या. लातूरला अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्या घरात भाड्याच्या खोलीत काढली, एवढाच संबंध. त्या काळी क्लासपायी सगळा मराठवाडा आपल्या पोरांना लातुरात आणून सोडत होता. मी भोकरची. वडिलांनी ट्रंक, गादी आणि मला त्यांच्या ओसरीवर उतरवलं, तेव्हा आक्कांनी आधी ट्रंक उघडायला लावली. सगळं खालीवर करून झाल्यावर वडिलांना विचारलं, "पोरगी डॉक्टर व्हायला आली का घरी भांडून आली?" वडील गडबडले. मला मात्र बाई आवडली. मनात आलं ते तिने तोंडावर विचारलं होतं.

आम्ही चार मुली पाठीमागे त्यांना फौजदारीण म्हणायचो. दूधवाल्याच्या मापात त्या बोट बुडवून बघायच्या. गॅसचं सिलिंडर आलं की दोन्ही हातांनी हलवून, त्याला कान लावून मगच आत घ्यायच्या. एका मुलीला भेटायला तिचा भाऊ आला, तर त्याला फाटकातच थांबवून विचारलं, "सख्खा का क्लासमधला?" तो सख्खा होता, तरी त्याला घाम फुटला. संशय घेताना त्यांनी जातधर्म, नातंगोतं काही बघितलं नाही. शेजारी शिवणकाम करणाऱ्या रझियाभाभींनी एका ईदला समोर बसवून शीरखुर्मा खाऊ घातला आणि दुसऱ्या दिवशी आक्कांचं पोट बिघडलं. तेव्हापासून भाभी त्यांच्या सख्ख्या भावजयीच्या रांगेत जाऊन बसल्या. भावजयीने त्याआधीच पोळ्याच्या सणाला काहीतरी घातलं होतं म्हणे.

स्वतः त्या ज्वारीची जाड भाकर, आमटी आणि ठेचा खायच्या. लेक मंगल आमच्याच वयाची होती. तिला कॉलेजच्या डब्यात पोळी, आक्कांना भाकर. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडे तेव्हा घरोघर असंच होतं. ज्वारी रोजची. गहू सणाचा आणि पाहुण्याचा. दारी आलेल्या पाहुण्याच्या ताटात भाकर पडली तर त्याचा अपमान झाला असं समजायचे. घरात गहू नसेल तर बाई मागच्या दाराने शेजारणीकडून आणायची, पण पाहुण्याला पोळीच घालायची.

"तुम्ही कुणाकडंच का जेवत नाही?" असं मी एका दुपारी विचारलं. आक्का ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मला कायतरी खाऊ घातलंय," त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"धाकट्या जावंनं."

भूकंपात आक्कांचं गाव पडलं आणि त्यांचे मालक ढिगाऱ्याखाली गेले. आक्का, मंगल, दीर आणि धाकटी जाऊ सुमन एका पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. गावात ज्वारी राहिली नव्हती, धान्याची पेवं गाडली गेली होती. मदतीच्या ट्रकांतून आल्या त्या पुऱ्या, पाव, बिस्किटं आणि मग गव्हाच्या पिठाची पोती. आक्का सुन्न बसून असायच्या. सगळ्यांचा स्वयंपाक सुमन करायची, आणि मोठ्या जावेला आग्रह करकरून वाढायची. महिनाभरात आक्कांचं पोट फुगायला लागलं. जुलाब थांबेनात. अंगावरचं मांस उतरलं, केस मुठीने गळाले. शेजारच्या शेडमधली एक म्हातारी कानाशी लागली, "समदे एकाच पराती‌तलं खात्यात, मग तूच कशी वाळायलीस? जमिनीत वाटा कुणाला नको हाय?"

दुसऱ्या दिवशी आक्कांनी भरलेलं ताट सुमनच्या अंगावर फेकलं. सगळी शेडची रांग बाहेर येऊन बघत होती. "तू मला घालून मारायलीस," असं त्या सगळ्यांदेखत बोलल्या, मंगलचा हात धरला आणि भावाच्या आधाराने लातूरला आल्या. इथे स्वतः भाकर थापून खाऊ लागल्या आणि दोन-तीन महिन्यांत बऱ्या झाल्या. आता याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मला त्या वेळी एवढंच वाटलं, की भूकंपाने बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी भौतिकशास्त्राची गणितं सोडवायला आत गेले.

डॉक्टर होण्याइतके गुण मला पडले नाहीत. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले, लग्न करून नांदेडला आले आणि औषधांचं दुकान टाकलं. आक्कांचा अधूनमधून फोन यायचा, बहुधा डॉक्टरने दिलेल्या गोळ्या खऱ्या आहेत का ते विचारायला. मंगलला अहमदपूरला दिलं होतं. पहिल्याच भेटीत विहीणबाईंनी आक्कांसाठी पुरणपोळीचा घाट घातला, आणि आक्का तिथून आल्या त्या आठवडाभर अंथरुणाला खिळल्या. मग विहीणही गेली त्या रांगेत. "आई, माझ्या सासूला तुझं काय पाहिजे? लातुरातल्या दोन खोल्या?" मंगल चिडून म्हणाली. आक्कांनी उत्तर दिलं, "तेच म्हणते मी." नातू झाला तरी त्या लेकीच्या घरी गेल्या त्या डबा घेऊन. मंगलने पुढे बोलावणंच बंद केलं.

मग एकदा ओसरीवर पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. साधं पडणं, पण हाडाचा भुगा झाला. भाकर थापणं संपलं. आक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा मेसचा डबा लावला. तोवर क्लासमुळे गल्लीगल्लीत मेस झाल्या होत्या आणि साऱ्या डब्यांत पोळ्याच. आक्कांच्या पोटाचं दुखणं परत सुरू झालं. त्यांनी मेस बदलली. पुन्हा तेच. मग तिसरी. शेवटी एका सकाळी त्या एसटीने नांदेडला आल्या. माझ्या दुकानाच्या काउंटरवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पोळ्या ठेवल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "यात काय घातलंय ते तपासून दे. ह्या मेसवाल्या समद्या एकमेकींना मिळालेल्या हायत."

मी पोळ्यांकडे बघितलं नाही, आक्कांकडे बघितलं. नखं पांढरी, पायांवर सूज, गालफडं आत गेलेली. पिशवीसकट त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी रक्त तपासलं, दुर्बिणीने आतडं बघितलं, तुकडा काढून पाठवला. सगळे अहवाल आल्यावर आक्कांनी पहिला प्रश्न तोच केला, "त्या पोळीत काय होतं?"

"गहू," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं. या आजाराला सिलिॲक म्हणतात. गव्हात ग्लूटेन नावाचं चिकट प्रथिन असतं. काहींचं शरीर त्याला वैरी समजतं आणि त्या भांडणात स्वतःच्याच आतड्याचं अस्तर खरवडून काढतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. औषध नाही. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किट जन्मभर बंद. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, तेही बघून घ्यायचं. आणि गिरणीत गव्हाच्या दळणावर ज्वारी दळली तर त्यात मिसळेल तेवढा गहूसुद्धा बाधतो.

"आतडं उगीच वैरी समजतं म्हणता?" आक्का म्हणाल्या.

"हो. गव्हाने तसं काही केलेलं नसतं."

"उगीच न्हाई समजणार. कायतरी बघितलं असंल त्यानं."

डॉक्टर हसले. आक्का हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "समदं जग गहू खातंय. ह्या डॉक्टरला कुणी सांगून ठेवलं का बघ."

मी त्यांना ठेवून घेतलं. घरात ज्वारी, तांदूळ, बाजरी ठेवली आणि हिंग काढून टाकला. आक्का माझ्या हातचं खायच्या, पण मी स्वयंपाक करताना समोर स्टूल टाकून बसायच्या. मला त्याचा राग आला नाही. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या बाईला कुणी तपासून घेतलं तर बरंच वाटतं. माझ्याकडे ग्लूटेन-फ्री छापलेली बिस्किटं होती, ती दाखवली. किंमत ऐकून त्या म्हणाल्या, "ज्वारीच्या पोत्यावर असं छापलं तर बाजारात आपलीबी ज्वारी बिस्किटाच्या भावानं जाईल." पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मात्र मला मोठ्याने वाचायला लावलं. ती सवय मला तेव्हापासून लागली. आता कुठल्याही पाकिटाचं तोंड मी बघत नाही, पाठ बघते.

काही महिन्यांत सूज उतरली, गालांवर मांस आलं. मला वाटलं, प्रश्न मिटला. आक्कांचा मिटला नव्हता. एका सकाळी त्यांनी स्वतः वाण्याकडून गहू आणून निवडले, माझ्या मिक्सरमध्ये दळले, दुखऱ्या मनगटाने कणीक मळली आणि एक पोळी लाटली.

"आक्का, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"त्यांनी सांगितलं. मी बघितलं न्हाई." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "आजपस्तोर खाल्ली ती परक्या हातची. आता माझ्या हातची खाऊन बघते. माझ्यावर तर माझा सौंशय न्हाई ना."

असा प्रयोग कुणी करू नये. मी अडवायला गेले तर त्यांनी पोळी ताटासकट दुसऱ्या खोलीत नेली. संध्याकाळपासून त्यांना उभं राहता येईना. दोन दिवस मी मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिले. तिसऱ्या दिवशी त्या भिंतीला टेकून बसल्या. बराच वेळ मनगट चोळत होत्या.

"म्हंजी सुमननं न्हाई घातलं," त्या म्हणाल्या.

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"ती बिचारी गहू घालत होती. चांगलं म्हणून."

मग एकेक नाव येऊ लागलं. भाभींच्या शेवया, भावजयीची पोळी, विहीणबाईंची पुरणपोळी. ज्याने ज्याने मान दिला त्याच्या घरी गहू होता. मंगलला त्यांनी त्याच दिवशी फोन लावला आणि विहीणबाईंना द्यायला सांगितला. ते काम अवघड नव्हतं. विहीणबाईंना यातलं फारसं ठाऊकच नव्हतं. सुमनचं तसं नव्हतं. तिच्यावर आळ सगळ्या गावासमोर घेतला होता. गावातल्या बायका तेव्हापासून तिच्या हातचा तिळगूळसुद्धा घेत नाहीत, हे आक्कांच्या कानावर कधीच आलं होतं. त्या वेळी त्यांना ते बरोबरच वाटलं होतं.

आम्ही दोघी गेलो. भूकंपानंतर वसवलेलं गाव, सरळ रेघेत एकसारखी घरं. सुमन दारातच होती. केस पांढरे, पण ताठ उभी. तिने या म्हटलं नाही.

"काय काम काढलं, आक्का?"

"जेवायला आले."

सुमनने माझ्याकडे बघितलं. "ही कोण? वकील हाय का?"

"न्हाई. औषधाचं दुकान हाय तिचं."

"म्हंजी ह्या बारीला औषध संगं घेऊनच जेवायला आलाव."

शेजारच्या दारांतून बायका डोकावू लागल्या होत्या. आक्का वळून त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने बोलल्या, "सुमननं मला कवाच काय खाऊ घातलं न्हाई. माझ्या पोटाला गहू चालत न्हाई. डॉक्टरनं नळी घालून बघितलं. मीबी माझ्या हातानं करून खाल्लं, तरीबी तेच झालं. मी बोलले ते खोटं होतं."

सुमन म्हणाली, "माझ्या पोरीच्या हळदीला बायका जेवल्या न्हाईत, आक्का. अन्न उकिरड्यावर गेलं."

"हाव," आक्का म्हणाल्या. "माझ्यामुळं."

सुमन आत गेली. आम्हीही मागोमाग जाऊन बसलो; बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. तिने हात धुतले, परात घेतली आणि सवयीने गव्हाच्या पिठाचा डबा ओढला.

"भाकर टाक," आक्का म्हणाल्या.

"इतक्या वर्सांनी दारात आलेल्या माणसाला भाकर वाढू? ह्या बायका उद्या त्येबी बोलतील."

"मी काय पाव्हणी हाय का?"

सुमनचा हात डब्यावरच राहिला. मग तिने तो डबा मागे सारला, परात पुन्हा धुतली आणि ज्वारीचं पीठ घेतलं. भाकर झाली तशी ताटात टाकली, वर आमटी वाढली. ताट आक्कांपुढे ठेवायच्या आधी तिने भाकरीचा एक तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि दारात उभ्या बायकांकडे बघत खाल्ला. "बघून घ्या समद्यांनी," ती म्हणाली आणि ताट पुढे सरकवलं.

आक्कांनी घास मोडला. तोंडापर्यंत नेला आणि थांबल्या.

"हे दळण कशावर दळलं? गव्हावर का ज्वारीवर?"

दारातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुमनचं तोंड कठीण झालं. "म्हंजी सौंशय हायच अजून."

"तुझ्यावर न्हाई," आक्का म्हणाल्या. "गिरणीवाल्यावर."

सुमन चुलीपासची फळी ओढून आक्कांच्या समोर बसली.

"त्याच्यावर तर माझाबी हाय," ती म्हणाली. "दर दळणाला मूठभर मारतंय मेलं. म्हून मी पीठ पडंपस्तोर तिथून हालत न्हाई. ज्वारीवरच दळलंय. खावा."

आक्कांनी घास तोंडात घातला.