माणूस सोडायचा नाही

मंगळवार, ५ मे १९८७. सकाळी ऊन, दुपारनंतर वारा. सेत्तीमियो पावणेसहाला उठला आणि कारखान्यात गेला. दाढी केली नाही. डबा टेबलावर विसरला. मांजराने तुळशीची कुंडी पाडली, कुंडी फुटली नाही.

सेत्तीमियो माझा धाकटा दीर. माझे यजमान नेल्लो जाऊन सहा वर्षे झाली, तेव्हापासून या घरात आम्ही दोघेच. त्याने लग्न केले नाही. चौदाव्या वर्षी तो बेल्लेत्तींच्या बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवायला लागला. एकोणिसाव्या वर्षी फुटबॉलने त्याला तिथून बाहेर काढले. इतक्या वर्षांनंतरही त्या गल्लीतून जायची वेळ आली की तो नाकाला रुमाल लावी. "सोल्यूशनचा वास घेत मरायला मी जन्मलो नाही, वहिनी," असे म्हणे.

आमच्या गावाच्या संघात तो चौदा वर्षे बचावपटू होता. चेंडू त्याला फारसा जमत नसे. त्याला माणूस जमत असे. समोरच्या संघाचा जो आघाडीचा खेळाडू त्याच्या वाट्याला येई, त्याच्या मानेवर हा पहिल्या शिट्टीपासून श्वास सोडी. त्याच्या पायावर पाय देई, बरगडीत चिमटे काढी, त्याच्या बायकोबद्दल कानात काहीबाही बोले. एकसष्ट साली टेकडीपलीकडच्या गावातल्या एका मुलाच्या नडगीचे त्याने दोन तुकडे केले. तो मुलगा पुन्हा खेळला नाही, स्टेशनवर वर्तमानपत्रे विकू लागला. नेल्लोने विचारले, "झोप लागते का रे तुला?" सेत्तीमियो म्हणाला, "त्याने गोल केला का? नाही ना?" गावाने त्या रविवारी त्याला खांद्यावर घेतले होते. मीही खिडकीतून हात हलवला होता, माझ्या वहीत तशी नोंद आहे.

पुढे तो प्रशिक्षक झाला. आमच्याकडे प्रशिक्षकाला मिस्टर म्हणतात. कसायापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्याला मिस्टर म्हणू लागले, आणि ते त्याला फार आवडे.

अलीकडे बाकीचे प्रशिक्षक वेगळे शिकवू लागले आहेत. प्रत्येकाने मैदानाचा आपला तुकडा राखायचा, माणसामागे धावायचे नाही. सेत्तीमियो हसायचा. "जागा गोल करते का? माणूस गोल करतो. माणूस सोडायचा नाही. पाणी प्यायला गेला तरी मागे जा, मुतायला गेला तरी मागे जा."

संघातले सगळे कारखान्यातच काम करतात. बचावाचा कणा एर्मेते, सोल विभागाचा मुकादम, अठ्ठावीस वर्षांचा, शांत. फेब्रुवारीतल्या एका सामन्यात मधली फळी उघडी पडलेली पाहून एर्मेते आपला माणूस सोडून तिकडे धावला आणि नक्की होणारा गोल त्याने अडवला. सेत्तीमियोने त्याला लगेच बाहेर काढले. मंगळवारी सरावाला त्याने बुटांचा मेणाचा दोरा आणला, एर्मेतेचे डावे मनगट दुसऱ्या एका खेळाडूच्या मनगटाला बांधले आणि दोन तास पळवले. दोघे संडासालाही तसेच गेले. बाकीचे हसून लोळले.

त्या संध्याकाळी एर्मेतेची बायको लोरेदाना माझ्या दारात आली.

"सिन्योरा आर्जिया, तुमच्या दिराला सांगा, माझा नवरा बैल नाही. दोरा हाडापर्यंत रुतलाय."

"तो माझं ऐकत नाही गं."

"तुम्ही कधी सांगून पाहिलंत?"

मी तिला आयोडीनची बाटली दिली. सेत्तीमियोला काही सांगितले नाही.

एप्रिल संपताना संघ तळाला आला. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, बरोबरी झाली तरी संघ खालच्या गटात जाण्यापासून वाचणार होता. अध्यक्ष म्हणजे कारखान्याचे मालक बेल्लेत्तीच. ते शनिवारी आमच्याकडे आले, उभ्याउभ्याच बोलले.

"संघ वाचला तर प्रशिक्षकाचा बाक तुझाच, सेत्तीमियो. खाली गेला तर मंगळवारी सहाला कारखान्यात ये. उपाशी नाही ठेवणार मी तुला. सोल विभागात एक जागा आहे."

"बावन्न वर्षांचा आहे मी, अध्यक्षसाहेब."

"म्हणून तर जागा देतोय. बाहेर कोण देईल?"

ते गेल्यावर सेत्तीमियो बराच वेळ हात धूत होता.

रविवारी मी सामन्याला गेले. त्र्याऐंशी मिनिटे झाली तरी गोल नव्हता. समोरच्या संघाचा आघाडीचा खेळाडू ओर्फेओ नावाचा, टक्कल पडलेला, वयस्क गडी. तो लंगडत कडेला गेला आणि कुंपणापाशी पाण्याची बाटली मागू लागला. खेळ चालूच होता. एर्मेते त्याच्यामागे चार पावले गेला आणि थांबला. मागे वळून त्याने मधली मोकळी जागा पाहिली, मग बाकाकडे पाहिले.

"मिस्टर, सोडू का याला?"

सगळ्यांनी ऐकले. मी तिसऱ्या रांगेत होते, मीही ऐकले.

"त्याच्याबरोबर राहा," सेत्तीमियो ओरडला.

एर्मेते जाऊन ओर्फेओच्या शेजारी उभा राहिला. ओर्फेओ सावकाश पाणी प्यायला, तोंड पुसले आणि बाटली एर्मेतेपुढे धरली. एर्मेतेने ती घेतली. तेवढ्यात त्यांचा सहा नंबरवाला त्या मोकळ्या जागेतून, बाजारातून घरी निघाल्यासारखा, चेंडू घेऊन आला आणि गोल करून गेला.

मग कोणीतरी एकजण हसला, आणि मग सगळे मैदान हसले. बायका डोळे पुसत होत्या. संघ खाली गेल्याचे दुःख त्यांना नंतर, घरी गेल्यावर झाले असेल.

सेत्तीमियो एर्मेतेजवळ गेला तेव्हा एर्मेते एवढेच म्हणाला, "मी विचारलं होतं, मिस्टर."

सोमवारी मी म्हटले, आज घरीच थांब. तो नेहमीच्या वेळी कॉफीला बारमध्ये गेला. पुढचे मला न्हावी क्विंतोच्या बायकोने सांगितले, तिला सांगताना मजा येत होती. सेत्तीमियो संडासाकडे निघाला, तसा क्विंतो उठून त्याच्यामागे उभा राहिला. क्विंतोमागे औषधवाला, त्याच्यामागे आणखी दोघे. तो बाहेर येईपर्यंत चौघे दाराला चिकटून उभे. त्याने कॉफी अर्धी टाकली आणि चढाने घराकडे निघाला, चौघे एक पाऊल मागे. मी खिडकीत होते. क्विंतोने नेल्लोच्या शवपेटीला खांदा दिला होता. त्याने मला पाहून टोपी काढली आणि पुन्हा सेत्तीमियोच्या पाठीला जाऊन लागला.

"वहिनी, दार लाव," सेत्तीमियो म्हणाला. चौघे तासभर पायरीवर बसून होते.

आज दुपारी डबा घेऊन मी कारखान्यात गेले. सोल विभागात तीस माणसे असतील. सेत्तीमियो एर्मेतेच्या शेजारच्या स्टुलावर बसला होता, हातात सोल्यूशनचा ब्रश, अंगात दुसऱ्याचा एप्रन.

"पातळ लाव," एर्मेते सांगत होता. "आणि लगेच दाबू नकोस. वाळू दे आधी."

कालपर्यंत तो त्याला अहोजाहो करत होता. सेत्तीमियोने मान हलवली.

भोंगा वाजला. एर्मेते उठला. हात कुठे धुतात हे सेत्तीमियोला माहीत नव्हते, जुने नळ आता नाहीत. तोही उठला आणि एर्मेतेमागे एक पाऊल टाकून थांबला. यंत्रे बंद झाली होती. तीसही माणसे बघत होती, कोणी डबा उघडला नाही.

एर्मेतेने वळून पाहिले. नळ त्याच्या उजव्या हाताला, सहा पावलांवर होते, मला दिसत होते. हाताने दाखवले असते तरी पुरले असते.

"ये," तो म्हणाला, आणि डावीकडे वळला. तो सावकाश चालला. कातड्यांच्या ढिगाला वळसा, मग पहिले यंत्र, दुसरे, तिसरे, मग खोक्यांची रांग, मग शिवणकामाच्या बायका, त्यांत लोरेदाना. सेत्तीमियो ब्रश हातात घेऊनच मागे चालत होता. खाली ठेवायचे त्याला सुचले नाही. लोरेदानाजवळ आल्यावर एर्मेते थांबला, तिच्याशी काहीतरी बोलला, वेळ काढून बोलला. सेत्तीमियो मागे उभा. मग दोघे पुढे निघाले. तेव्हा पहिला माणूस हसला.

मी डबा स्टुलावर ठेवला आणि परत आले.

तो साडेसहाला आला. जेवला नाही. डबाही तसाच परत आणला होता.

गॅसचे सिलिंडर संध्याकाळी संपले, नवे लावले. जुने सदतीस दिवस पुरले, मागच्यापेक्षा चार दिवस कमी.