ज लिहायचा, य म्हणायचा

आमच्या घरमालकांएवढं तोंड वाकडं करणारा माणूस अख्ख्या जळगावात सापडायचा नाही. भुसावळ-जामनेर धरलं तरी नाही. हे मी त्यांच्या स्वभावाबद्दल बोलत नाहीये हं. स्वभाव सोन्यासारखा. मी धुळ्याहून बदली होऊन त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, त्या दिवशी त्यांनी केळ्यांचा अख्खा घड वर पाठवला होता. तोंड वाकडं व्हायचं ते जर्मन भाषेपायी. सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही. सगळा जन्म केळीच्या वखारीत गेला आणि उतारवयात या माणसानं मोबाइलवरच्या एका गोऱ्या बाईकडून जर्मन उच्चारांची शिकवणी लावली. कारण लेक जर्मनीत नोकरीला गेली, तिथंच लग्न केलं, आणि आता नवऱ्याला घेऊन पहिल्यांदाच माहेरी यायची होती. आबा झोपाळ्यावर बसून मोबाइलमधल्या बाईला अदबीनं सांगायचे, "बाई, जरा सावकाश. इतकं भरभर कोन शिकीन?"

त्या भाषेतला र घशातून काढतात. आबा तो सकाळी मिठाच्या पाण्याची गुळणी करताना काढायचे. पलीकडच्या काकूंनी काही दिवस ऐकून घेतलं आणि मग मुकाट्यानं काढा पाठवला. आबांनी काढा पिऊन टाकला आणि र चालू ठेवला. शिवाय एक श आहे, तो धड श नाही की धड ह नाही. श म्हणायला निघायचं आणि अर्ध्या वाटेत विचार बदलायचा. पण खरा छळ मांडला तो दोन टिंबं दिलेल्या 'ऊ'नं. ओठ ऊ म्हणायला पुढं काढायचे आणि म्हणायचं मात्र ई. बाजारात भरताची वांगी निवडता निवडता आबांनी तसे ओठ काढले, तर भाजीवालीनं तराजूच खाली ठेवला. "आबा, वांगे काही कडू नाही माहे. तोंड काहून असं करून राह्यले?"

बरं, जावयाचं नाव यूर्गन. म्हणजे नावातच तो टिंबवाला ऊ. मोबाइलमधली बाई म्हणाली, आरशात ओठ बघून सराव करा. आबांचा वरचा ओठ लग्नाच्या फोटोपासून कुणी पाहिलेलाच नव्हता, इतक्या त्यांच्या मिशा झुबकेदार. एका सकाळी खाली येऊन बघते तर मिशा साफ. दुपारपर्यंत अर्धी गल्ली पडेल चेहऱ्यानं दारात. "आबा, कोन गेलं?" आबा सगळ्यांना बसवून चहा पाजत होते आणि सांगत होते, "कोनी गेलं नाही बाप्पा, जावाई येऊन राह्यले."

एवढा आटापिटा कशाला, असं मी एकदा त्यांच्या बायकोला, अक्कांना विचारलं. अक्का लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, लेक पुण्याला शिकायला होती तेव्हा आबा केळ्यांची पाटी घेऊन तिच्या होस्टेलवर गेले आणि फाटकातून हाक मारली, "बकुया!" नाव बकुळा. पण आमच्या खानदेशात ळ कुठला जिभेवर टिकायला. केळीची केयी होते, माझ्या धुळ्याचं धुये होतं. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. पोरगी हळूच म्हणाली, आबा, इथं माझं नाव नका घेत जाऊ. तेव्हापासून आबांनी ते नाव घेतलंच नाही. घरातसुद्धा 'पोरी' म्हणायचे, नाहीतर नुसतं 'ऐक ना'. "आता जावायासमोर तिले माही लाज नको वाटाले, म्हनतात," अक्का म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर बसून लसूण सोलायला घेतला.

एका संध्याकाळी मात्र आबा धापा टाकत जिना चढून वर आले. चेहरा फुललेला. "ताई, हे जर्मन आपलेच निंघाले. जावायाच्या नावात लिहितात इंग्रजीतला जे, अन् बोलतात य. आपन ळ लिहितो अन् य बोलतो. मंग त्याईले कोनी हसत नाही, आपल्याले काहून हसतात?" एवढं विचारून आबा 'यूर्गन, यूर्गन' घोकत जिना उतरलेसुद्धा.

शेवटी पाहुणे आले. आबा दारात ताठ उभे राहिले, ओठ पुढं काढले आणि म्हणाले, "यूर्गन." असं लख्ख, की जावई बघतच राहिला. मग पाठ केलेलं वाक्य आलं, "इश फ्रॉये मिश." म्हणजे मला आनंद झाला. आतून अक्का म्हणाल्या, "तरी मी म्हनत होती, नका काढू मिश्या." आम्ही हसत होतो तेवढ्यात जावयानं वाकून नमस्कार केला, उंबऱ्याशी ठेवलेली पिशवी उचलली आणि मागं वळून हाक मारली, "बकुया?"

आबांचं हसू तिथंच थांबलं. ते लेकीकडं बघू लागले. तिनं मान खाली घातली. "तिकडं सगळे असंच म्हणतात, आबा. मीच शिकवलं. नावाचा खरा उच्चार हाच, असं सांगितलं."

आबांचा हात मिशांकडं गेला, आणि मिशा तर नव्हत्या. तो तसाच डोळ्यांवर फिरवून ते आत बघत म्हणाले, "अवं, बकुयाले पानी आन."

पाहुणे गेले त्याला आता बरेच महिने झाले. मिशा पुन्हा आल्यात, जर्मन सगळं गेलं. घर फार शांत वाटतं, अक्कांनाही आणि मलाही. फक्त रविवारी फोन वाजतो, आणि आबा लेकीला पहिली हाक अशी मारतात की वरच्या मजल्यावर मी हातातलं काम ठेवून ऐकत राहते.