माझ्यासमोर सही करा

कचेरीच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या त्या बाईला सगळे चौकशीबाई म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, नाव अगदी शोभून दिसायचं. कागद मशीनवर ठेवता ठेवता तिची नजर त्यावरून फिरून यायची. कोण घर विकतंय, कुणाची पोरगी परदेशी निघालीय, कुणी आडनाव बदलून घेतलंय, सगळं तिला ठाऊक. पण एक मानलं पाहिजे, कळलेलं ती कुणाला सांगत नसे. तिला फक्त कळायला हवं असायचं. नाही कळलं तर जेवण गोड लागायचं नाही.

दुकानाच्या मागच्या भागात, प्लायवूडच्या आडोशापलीकडे नोटरीकाका बसायचे. लोक हिच्याकडे प्रती काढायचे आणि शिक्क्यासाठी आत जायचे. काका बोलायला फटकळ. आलेल्या माणसाचं ओळखपत्र आधी बघायचे, मग सोबत आलेल्या भाऊ, जावई, सुना सगळ्यांना बाहेर पिटाळायचे, आणि मग विचारायचे, स्वतःच्या मर्जीने सही करताय ना? त्यानंतर आतून बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. बाईचे कान आडोशाला चिकटलेले असायचे, हे सांगायला नकोच.

न राहवून एकदा तिने विचारलं, हो म्हटल्यावरसुद्धा तुम्ही थांबता कशाला? काका म्हणाले, पहिलं हो हे सवयीचं असतं. ते ऐकायचं आणि गप्प बसायचं. खरं उत्तर मागाहून येतं.

मग काकांचा हात थरथरायला लागला. शिक्का तिरका पडायला लागला आणि काकांनी काम थांबवायचं ठरवलं. बाईच्या तोंडून निघून गेलं, शिक्का आता मुलाला देणार का? काका खो खो हसले. शिक्का म्हणजे काय घरातली पितळेची भांडी आहेत वाटून द्यायला? नोटरी थांबला की त्याचा शिक्का सरकारजमा होतो आणि तिथे मोडून टाकतात. ज्याने त्याने आपापला मिळवायचा.

"मग तो मिळवतात तरी कसा?" तिने विचारलं.

"एवढ्या वर्षांत हे सोडून सगळं विचारलंस," काका म्हणाले.

झालं, बाईच्या डोक्यात भुंगा शिरला. त्या मुलखात नोटरी व्हायला वकील असण्याची अट नव्हती. माणूस सज्ञान हवा, तिथला रहिवासी हवा, लिहिता-वाचता येणारा हवा आणि पोलिसांत त्याच्या नावावर काही नको. नवरा बस चालवायचा. तो म्हणाला, पोलिसांकडे तुझी नोंद नाही हे खरं, पण पोलिसांची तुझ्याकडे असेल. तिने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि अर्ज भरला.

पुढे होती परीक्षा. तिने काकांना नुसतं भंडावून सोडलं. आंधळा माणूस आला तर? त्याला सगळा कागद वाचून दाखवायचा. हाताला लकवा असेल तर? अंगठा, आणि साक्षीदार. जुळे भाऊ आले आणि एक दुसऱ्याच्या नावाने बसला तर? काका म्हणाले, तर तू मला फोन करू नकोस. आणि कागदात लिहिलेलं धादांत खोटं असेल तर? या प्रश्नावर काकांनी चष्मा काढून ठेवला. कागद खरा की खोटा हे नोटरी ठरवत नाही, म्हणाले. कोरी जागा सुटलेली नाही एवढं बघायचं. बाकी समोरचा माणूस तोच आहे का, त्याला कळतंय का, आपल्या मर्जीने आणि आपल्या डोळ्यांदेखत सही करतोय का, एवढंच आपलं काम. कागदाची चौकशी सोड, माणसाची कर.

बाई हिरमुसलीच. जन्मभर कागद वाचले आणि आता म्हणे वाचायचे नाहीत. पण बोलणं मनात घर करून राहिलं.

परीक्षेत ती पास झाली. सनदेसाठी, म्हणजे नोटरीच्या परवान्यासाठी, लागणारं जामीनपत्र मात्र इतकं रखडलं की शपथ घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी शपथ झाली नाही तर अर्ज रद्द, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाई पहाटेच उठली, शपथपत्र सुवाच्य अक्षरात भरलं, खाली झोकात सही ठोकली आणि कचेरीतल्या खिडकीवर जाऊन पहिला नंबर लावला. गिऱ्हाइकांना ती रोज हेच सांगायची, सगळं घरूनच भरून आणा, खोळंबा होत नाही.

खिडकीतल्या अधिकारी बाईंनी कागद पाहिला. सही कुठे केलीत, त्यांनी विचारलं. हिने अभिमानाने सांगितलं, घरीच केली.

"मग मी ती कधी पाहिली?" अधिकारी बाई म्हणाल्या. "तुम्ही सनद कशाची घ्यायला आलाय?"

मागच्या रांगेत हशा पिकला. चौकशीबाईचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्याची सही डोळ्यांसमोर व्हावी म्हणून जी सनद, तिच्याच शपथपत्रावर ही बया घरून सही करून आली होती! नवीन कागद वरच्या मजल्यावर मिळायचा. ती जिने धापा टाकत चढली, कागद आणला, पुन्हा रांगेच्या शेपटाला उभी राहिली. खिडकी बंद व्हायच्या जरा आधी तिची पाळी आली. हात वर करून तिने शपथ वाचली. मग अधिकारी बाईंनी विचारलं, स्वखुशीने घेताय ना? हो म्हणायला तोंड उघडलं आणि ती थबकली. नवऱ्याने थट्टा केली होती, काकांनी शिकवलं होतं, पण तुला हवंय का, असं कुणी विचारलंच नव्हतं. तिने मनात चाचपून पाहिलं. हवं होतं, अगदी आतून हवं होतं. डोळे भरून आले आणि तिने तिथेच, त्यांच्या नजरेसमोर, सही केली.

शिक्का आला. काकांच्या रिकाम्या टेबलाशी ती बसली आणि पहिलंच गिऱ्हाईक आलं, तो काकांचा मुलगा. वाईट माणूस नव्हता, घाईतला होता. बाबा आता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात राहायला जाणार, त्यांनी घर माझ्या नावे केलंय, सही झालीय, फक्त शिक्का मारा, म्हणाला. सही काकांचीच होती. शंभर सह्यांत तिने ती बघताक्षणी ओळखली असती. हात शिक्क्याकडे गेलासुद्धा. तेवढ्यात तिला ती खिडकी आठवली.

काकांना घेऊन या, ती म्हणाली. मुलगा वैतागला. त्यांचेच कागद, त्यांचीच शिष्या आणि वर ही तऱ्हा! तिने ऐकलं नाही. नवी प्रत घेऊन या, तिच्यावर सही नको, एवढंही बजावलं.

संध्याकाळी काका आले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते. तिने ओळखपत्र मागितलं, तर ते त्यांच्या मुठीत आधीपासूनच होतं. तिने मुलाला बाहेर जायला सांगितलं.

"काका, स्वतःच्या मर्जीने सही करताय ना?"

"हो," काका लगेच म्हणाले.

तिने पेन पुढे केलं नाही. गप्प बसली. काकांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, शाईचा जुना डाग खरवडून पाहिला.

"नाही गं," ते म्हणाले. "घरी कुणी विचारलंच नाही. कागद पुढे आला, करून टाकली."

तिने शिक्क्यावर झाकण बसवलं. मुलाला हाक मारून आत बसवलं आणि सांगितलं, आज सही होणार नाही, आधी बाबांशी बोला. मग ती बाहेर येऊन मशीनपाशी उभी राहिली. आतून काकांचा आवाज यायला लागला. चौकशीबाईने एक कोरा कागद काचेवर ठेवला आणि काही ऐकू येऊ नये म्हणून मशीन सुरू केलं.