कापलेला वेत

कार्यशाळेत चहा आला, की गेनबा आधी कप हातात तोलून बघायचे. "आज कमी हाय," असा निकाल द्यायचे. चहावाला शपथ घ्यायचा, मी साक्ष द्यायचे, पण माझी साक्ष त्यांना पुरत नसे. मग ते शेजारच्या विद्यार्थ्याचा कप मागून घ्यायचे आणि दोन्ही हातांत दोन कप धरून तोलायचे. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा त्यांचंच बरोबर निघायचं.

शनिवार पेठेत अंधांना हातकाम शिकवणारी आमची छोटी संस्था आहे. मी तिथली व्यवस्थापक. डोळस, त्यामुळे गेनबांच्या लेखी कायमची संशयित. गेनबा जन्मापासून अंध, आणि तीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणायला शिकवतात. मूळचे खराडीचे. तिकडे कंपन्या येऊ लागल्या तेव्हा भावांनी रेशन कार्डासाठी म्हणून त्यांचा अंगठा घेतला आणि त्यांच्या वाट्याची जमीन गेली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. गेनबा पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. त्यांना आलेलं पत्र मी वाचून दाखवायचे, आणि माझी पाठ वळली की तेच पत्र ते चहावाल्याकडून वाचून घ्यायचे. पहिल्या वर्षी मला याचा फार राग यायचा. पुढे सवय झाली, पण थोडा राग शिल्लक राहिलाच.

त्यांचा वर्ग बंद करायचं कार्यकारिणीच्या मनात बरेच दिवस होतं. "वेताच्या खुर्चीवर आता बसतं कोण?" असं अध्यक्ष विचारायचे, स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. त्यावर आमच्याकडे एकच उत्तर होतं. खराडीतली एक कंपनी दर सहा महिन्यांनी सहा खुर्च्या विणायला पाठवायची. तेवढ्यावर वर्ग तगून होता आणि गेनबांची ऐटही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये खुर्च्या आल्या. गेनबांनी पहिली मांडीवर घेतली, तिच्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "बाई, दार लावा."

मी दार लावलं.

"कडी?"

कडीही लावली.

"ह्यो वेत मोडल्याला न्हाय. कापल्याला हाय."

बसून बसून तुटणारा वेत पुढच्या कडेला तुटतो, जिथे मांड्या टेकतात. आधी मधोमध झोळ येतो, मग एकेक पट्टी सुटते, टोकांना कुसं निघतात. या खुर्चीची टोकं गुळगुळीत होती आणि झोळ नावालाही नव्हता. माझं बोट धरून त्यांनी त्या टोकांवरून फिरवलं. इतकी वर्षं मी डोळ्यांनी बघून खुर्च्या ताब्यात घेत आले, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

"आन खुर्ची माझीच हाय," खालची गाठ चाचपत ते म्हणाले. "डावीकडून दोन येढं. अशी गाठ माझ्याबिगर कोन मारतं?"

"मग कापला कुणी?"

"कात्री तुमच्या कपाटात असती."

वर्ग टिकावा म्हणून अध्यक्षांच्या नाकदुऱ्या मी काढायच्या, आणि चोर कोण, तर मीच! दोन दिवस मी त्यांच्याशी अक्षरही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तेच दारात आले. "तुमची कात्री तपासली. बोथट हाय. तुम्ही न्हाय." ही त्यांची माफी.

विणलेल्या खुर्च्या परत पाठवताना त्यांनी एक युक्ती केली. प्रत्येक बैठकीच्या खाली, पुढच्या कडेजवळ, कच्चा दोरा ताणून बांधला. कुणी एकदा जरी बसलं तरी तो तुटणार. सप्टेंबरात खुर्च्या पुन्हा आल्या. वेत कापलेला, आणि सहाच्या सहा दोरे शाबूत.

"गेनबा, हे कुणाजवळ बोलू नका," मी म्हटलं. मला खरंच भीती वाटली होती. "हे काम गेलं तर वर्ग गेला."

"मंग ह्यो वर्ग न्हाय, बाई. भीक हाय. फकस्त रांगेत उभं करीत न्हाईत, येवढंच."

त्यांनी खुर्च्या विणल्या आणि पोचवायला स्वतः टेम्पोत बसले. मीही निघाले. टेम्पोवाला लांबून नेतोय असा त्यांना वाटेत दोनदा संशय आला. कंपनीत तेजस्विनी नावाची तिशीची मुलगी आमचं काम बघायची. "काका, तुम्ही स्वतः आलात? सो नाइस! कॉफी घेणार?"

"आधी खुर्च्या कुठं ठिवता ते दावा."

ती आम्हाला लिफ्टमध्ये घेऊन गेली. लिफ्ट हलताच गेनबांनी माझं मनगट धरलं. "बाई, ही खाली चाललीया. हापिसात जायाचं तर खाली कशापायी?"

खाली तळघरातली सामानाची खोली होती. खुर्च्या गुंडाळायचं प्लास्टिक घडी घालून तयार ठेवलेलं. काठी लागून ते कुरकुरलं तसे गेनबा जागीच थांबले. "वेत कोन कापतं, पोरी?" तेजस्विनी आता रडायच्या बेतात होती.

"काका, आमच्याकडे सगळ्या चाकांच्या खुर्च्या आहेत. या कुणी वापरतच नाही. पण ऑर्डर बंद केली असती तर तुमचं काय? म्हणून आमचा स्टोअरवाला सुदर्शन कटरने... आय मीन, वाईट हेतू नव्हता."

"किती येळा?"

"चार."

म्हणजे पहिल्या दोन वेळा गेनबांच्या बोटांनाही चकवा बसला होता. मला वाटलं, ते ओरडतील. मी ओरडले असते. पण त्यांनी काठीची मूठ चोळली.

"पोरी, तुमच्याकडं भेटाय येनारी मानसं कुठं बसत्यात?"

"रिसेप्शनला. सोफ्यावर."

"ह्या तिथं ठिवा. मोडल्या तर धाडा. न्हाय मोडल्या तर न्हाय. आन त्या सुदर्शनच्या हातातनं कटर काढून घ्या."

यंदाचा मार्च कोरडा गेला. चार विद्यार्थ्यांपैकी दोघे संगणकाच्या वर्गाला गेले. जूनअखेर वर्ग बंद, असं अध्यक्षांनी सांगून टाकलं. मी गेनबांना तोंडावर विचारलं, "झालं समाधान?"

"न्हाय अजून."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पोतून एक खुर्ची आली. एकच. गेनबांनी ती मांडीवर घेतली. पुढची कड तुटलेली, टोकांना कुसं, मध्ये चांगला झोळ. मला आनंद झाला, त्यांना नाही.

"घासला आसंल. ब्रशानं."

त्यांनी वेताचा वास घेतला, झोळ तळहाताने दाबून पाहिला, मग खुर्ची उलटी केली. लाकडाच्या खालच्या बाजूने फिरणारी बोटं एका जागी थबकली.

"बाई, हे काय हाय बघा."

मी वाकून पाहिलं. वाळून कडक झालेलं, दातांचे ठसे उमटलेलं च्युइंगम. कुणीतरी ताटकळत बसलं असणार, आत बोलावल्यावर तोंडातलं टाकायला जागा सापडली नसणार.

मी तसं त्यांना सांगितलं. ते माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तुम्ही तर न्हाय चिकटवलं?"

"गेनबा, माझी कवळी आहे!"

तेव्हा कुठे ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. दोन्ही विद्यार्थ्यांना बोलावून त्यांनी त्यांचे हात आधी झोळावर ठेवले, मग त्या च्युइंगमवर. मी ते खरवडायला सुरी आणली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. वेत भिजत घाला, बाई. खरं काम आलंया."

मी बादली घेऊन मोरीत गेले आणि नळ पूर्ण सोडला. मला रडू येत होतं, आणि नळ बंद असता तर ते या माणसाला ऐकू गेलं असतं.