काळ्या तांदळाचं पाणी

आईला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी पांढरा भात कमी करायला सांगितलं. आई ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, पण उतारवयात तिला भाताची अशी गोडी लागली होती की ताटात भात नसला तर आपण जेवलोच नाही असं ती म्हणे. त्यात तिच्या तळपायाची जखम भरेना. मला त्या पायाकडे बघवत नसे. म्हणून आदिलाबादच्या बाजारातून मी काळा तांदूळ आणला. विकणारी मुलगी शेतीचं शिकलेली. म्हणाली, "याच्या सालीतला रंगच गुणाचा, मॅडम. जांभळात असतो तोच. औषध समजू नका, पण याने साखर सावकाश चढते." त्या रंगाला अँथोसायनिन म्हणतात आणि तो पाण्यात उतरतो. मी तामसीच्या शाळेत शिकवते, त्यामुळे असला शब्द हाती लागला की घरातच शिकवणी सुरू होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आई अंगणात बसून तोच तांदूळ खसाखसा चोळत होती. जांभळं पाणी ओतायचं, नवं घ्यायचं, पुन्हा चोळायचं. वर शिजल्यावर पेजही निथळून टाकली. ताटात आला तो मळकट, विटलेला भात. सगळा गुण कढीपत्त्याच्या आळ्यात गेला होता. कढीपत्त्याला कुठे साखर होती?

"माय, काऊन एवढं धुऊन राह्यली?"

"पानी सफा निंगाल्याबिगर चुलीवर ठेवते का कोनी?"

मी फळ्यासमोर उभं राहावं तसं सगळं समजावलं. तिने मान डोलावली आणि पुढचे दिवस तेच केलं. पालथ्या घड्यावर पाणी. माझी जीभ मुळातच तिखट. एकदा म्हणालेच, "पाय गेला तरी चालन, पन तुले पानी सफा पाह्यजे."

तिने तांदळाचं भांडं बाजूला ठेवलं. मग हात पुसत म्हणाली, "बचत गटाचं जेवन होतं. साऱ्या बाया घरून तांदूळ धुऊन घेऊन आल्या होत्या. माहा तेवढा एकीनं येगळा काढला अन् माह्या डोयासमोर पुन्हा धुतला."

"मग तू काय म्हनली?"

"काय मनाव? पानी सफाच निंगालं. तिनंबी पाह्यलं, मीनंबी पाह्यलं."

आम्ही बौद्ध. आजोबांपर्यंत सगळे दुसऱ्याच्या शेतात राबले, आता घरात नोकरी आहे, तरी आमच्या हातचं खाताना काहींची नजर आधी भांड्याकडे जाते. मला भयंकर राग आला, आणि त्या दिवशी तो आईवर नव्हता.

शिकवणी मी बंद केली. तिच्याजवळ बसून एवढंच म्हणाले, "घरातच बस, दार लावून घेत जाय. एकाच पान्यानं धू. आपल्या दोघीले कोन पाह्यते?" तेवढं तिला पटलं. दार लावून ती तांदूळ एकदाच हलक्या हाताने धुवायला लागली, पेज न काढता बेताच्या पाण्यात शिजवायला लागली. भात गर्द जांभळा व्हायचा आणि ती तो वरणाशी चवीने खायची. पायाची जखमही भरू लागली. गोळ्यांमुळे, मलमपट्टीमुळे की भातामुळे, ते मी विचारत बसले नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी उकाड्याने दार उघडंच राहिलं. आई तांदूळ धूत होती. शेजारची, कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरातली बाई चाळणी मागायला आली आणि पातेल्यातलं काळंजांभळं पाणी बघून थबकली.

"मावशी, केवढा मळ हो हा. आनखी दोन पान्यानं धुवा ना."

आईचा हात थांबला. तिने पाण्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. तेवढं एक पाणी ओतून तिने तांदूळ तसाच गॅसवर चढवला.

"रंग हाय तो, मळ नाई," ती म्हणाली. "शिजाले येळ लागते याले. बस बाई, खाऊनच जाय."